आपल्या मनानं

२ नोव्हेंबर १९६१, अकोला

आज फौजदार आला. दर्यापूरचा. बूट घालून सरळ ओसरीवर — भागीरथेनं नुकतीच पुसलेली! मी म्हटलं, "आधी बूट काढा, मग काय ते विचारा." काढले. मोज्याला भोक होतं.

हकिकत अशी. दर्यापूरजवळच्या एका खेड्यात मनकर्णा नावाची बाई आहे, वय वीस. हिनं दसऱ्याच्या आदल्या दिवशी सावत्र मुलीच्या डोक्याला कपाशीवर फवारायचं औषध चोळलं. उवांसाठी. मुलीचं नाव जाई. बैलगाडीनं दर्यापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. मनकर्णेच्या सासूनंच, सुंदराबाईनं, चौकीवर जाऊन सांगितलं, 'सावत्र व्हती, जीव घेतला पोट्टीचा.' खुनाचं कलम लागलं आहे.

आणि ही मनकर्णा म्हणते काय? 'कौंडण्यपूरच्या जत्रेत सरकारी नर्सबाईनं सांगतलं व्हतं. सरकारचं औषध डोक्याले लावा, उवा मरतेत.'

सत्तावन्न सालच्या कार्तिकातल्या जत्रेत आरोग्य खात्याचा तंबू माझ्या ताब्यात होता. म्हणजे ती नर्सबाई मी!

जबाब दिला. आम्ही डीडीटीची पांढरी पूड लावत होतो, आमच्या डब्यातली, आमच्या हातानं. दुसरं काही लावा असं मी कोणालाही सांगितलेलं नाही. त्यानं लिहून घेतलं. मी वाचून पाहिलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या. तीस वर्षं नोकरी केली, शेवटची अकरा मॅट्रन म्हणून. एका रोग्याला चुकीचं औषध गेलं नाही. म्हणे नर्सबाईनं सांगितलं होतं! असं कोण सांगेल?

३ नोव्हेंबर

जाईचं वय विचारायचं राहिलं होतं. जाताना फौजदारानं आपणहून सांगितलं. सात. दुधाचे दात पडायचं वय.

९ नोव्हेंबर

दिवाळी झाली एकदाची. परवा भागीरथा चकल्या तळता तळता म्हणाली, "बाई, त्या मनकर्णाले फाशी देतीन काय?"

"मला काय विचारतेस? मी जज्ज आहे?"

"तुमाले समदंच मालूम असते, म्हून इचारलं."

वीस वर्षं माझ्याकडे स्वयंपाक करते. स्तुती करते की टोमणा मारते, हे मला अजून कळलेलं नाही.

१९ नोव्हेंबर

पंजाबराव आला अमरावतीहून. माझा भाचा, वकील. आल्या आल्या म्हणाला, "आत्या, मनकर्णेचं काम माझ्याकडे आलंय. तिला वकील नाही, कोर्टानं मला नेमलं. कागद उघडले तर त्यात तुझं नाव!"

मग समजावत बसला, जणू मी ढ पोर आहे. औषध चोळलं की नाही यावर वादच नाही. चोळलं. पण खून होतो तो मनात. मारावं असं तिच्या मनात होतं का? मरेल हे तिला ठाऊक होतं का? की हे उवांचंच औषध, अशी तिची खरोखरची समजूत होती? कृत्य तेच, मन निराळं, तर गुन्हा निराळा. आपल्या दंडविधानात हे इंग्रजांकडून आलं.

"मग तिच्या मनात काय होतं ते तुला दिसतं का?" मी विचारलं.

"कोणालाच दिसत नाही. म्हणून तर साक्षीदार लागतात."

सरकारी बाजू काय म्हणणार, तेही त्यानं सांगितलं. मनकर्णा पोटुशी आहे. स्वतःचं मूल येणार, सवतीचं डोळ्यांत खुपायला लागलं. झालं! 'सावत्र' एवढा एक शब्द पुरतो यांना. भागीरथा दारामागून म्हणाली, "सावत्र माय उवा काहून काढन? तिले काय पडली?" भागीरथेला वकील करायला हवं होतं.

निघताना पंजाब उंबऱ्यात थांबला. "आत्या, एकदाच विचारतो. जत्रेत, सहज, गर्दीत — तू तसं काही बोलली होतीस का? असशील तर ती वाचते. समजूत चुकीची, पण प्रामाणिक ठरते. आणि तुला काही होत नाही. तुझा तरी कुठे वाईट हेतू होता?"

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे, हेतू नव्हता?"

"नाही म्हणजे बोलले नव्हते!"

"बरं," म्हणाला आणि टांग्यात बसला. पाया पडायचं विसरला. माझ्या शब्दावर विश्वास नाही याचा!

२२ नोव्हेंबर

ह्यांच्या पेटीतली कायद्याची पुस्तकं काढली. हे जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. ह्यांची वकिली अमरावतीत होती, तेव्हापासून पेटी बंदच. कसर लागली आहे, पण इंग्रजी छपाई काय सुंदर!

पहिलंच वाक्य लॅटिन. मन दोषी असल्याशिवाय कृत्य माणसाला दोषी करत नाही. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आग्नेस कॅटेकिझम, म्हणजे ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरं, शिकवायची, तेव्हा आम्ही हिंदू मुली मागच्या बाकावर भरतकाम करत बसायचो. पण पाठ आमचंच आधी व्हायचं! महापाप व्हायला तीन गोष्टी लागतात. गोष्ट गंभीर हवी. करणाऱ्याला पूर्ण जाणीव हवी. आणि पूर्ण संमती. तीनातलं एक कमी पडलं तर नरक नाही. वकील लोक फी घेऊन हेच सांगतात.

एक खटला वाचला. टॉलसन नावाची बाई. नवरा सोडून गेला, त्याचं जहाज बुडालं असं सगळे सांगत. पाच वर्षं वाट पाहून तिनं दुसरं लग्न केलं — आणि नवरा परत! दोन नवरे केल्याचा गुन्हा. चौदा न्यायमूर्ती बसले. नऊ म्हणाले, तिची समजूत प्रामाणिक होती, रास्त होती, सोडा. पाच म्हणाले, समजूत गेली खड्ड्यात. नऊ विरुद्ध पाच! त्या बाईला त्या दिवशी जेवण गेलं असेल का?

पण तिला सांगणारे लोक होते. गावभर सगळे सांगत होते, जहाज बुडालं.

२३ नोव्हेंबर

पुस्तकं परत पेटीत. डोळे दुखतात.

१० डिसेंबर

पंजाबचं पत्र. विलायतेतल्या सर्वांत वरच्या कोर्टानं गेल्या साली एक निकाल दिला म्हणे. एक माणूस चोरीचा माल घेऊन मोटारीतून चालला होता. पोलिसानं मोटारीला लटकून थांबवायचा प्रयत्न केला. यानं वेग वाढवला, पोलीस फेकला गेला आणि मेला. तो म्हणे, मला मारायचं नव्हतं, घाबरलो. कोर्ट म्हणालं, तुझ्या मनात काय होतं ते राहू दे. कोणाही सामान्य शहाण्या माणसाला जे कळलं असतं, ते तुलाही कळलं होतं असं आम्ही धरू. सरकारी वकील हा निकाल दाखवणार, अशी पंजाबला भीती आहे.

मी वाचून चिडले. हा सामान्य शहाणा माणूस कोण? लंडनमध्ये बसनं हापिसात जाणारा? त्याच्या घरी कपाशीच्या औषधाचा रिकामा डबा आहे का? मनकर्णेचा नवरा देवमन दुसऱ्याच्या शेतात फवारणीला जातो. त्यानं डबा घरी आणला. चांगला पत्र्याचा डबा, कोण टाकतो? तळाशी थोडं उरलेलं. त्या खेड्यातला सामान्य शहाणा माणूस देवमनच की!

असं उत्तर लिहिलं. टाकलं नाही. पंजाबनं विचारलेला तो एक प्रश्न पत्राच्या शेवटी पुन्हा होता.

१६ जानेवारी १९६२, अमरावती

जेलमध्ये जाऊन आले. बडनेऱ्याला गाडी बदलताना पाय मुरगळला, तरी गेले. जुनी मॅट्रन म्हणून परवानगी मिळाली. बाईला सात महिने झालेत, तपासते, असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. तपासली. मूल ठीक आहे. आई अशक्त.

मी धिप्पाड, उर्मट बाई डोळ्यांपुढे धरून गेले होते. ही एवढीशी. मनगटं ज्वारीच्या धांड्यासारखी. मला पाहिलं आणि उठून पदर सारखा केला.

मी म्हटलं, "तू मला आठवत नाहीस."

"तुमाले कायले आठवन, बाई? हजार डोस्के व्हते तिथं. मायसंगं लाह्या विकाले आल्ती मी."

"मग माझं नाव का घेतलंस?"

ती हळूहळू सांगू लागली. आपल्या कैफियतीसारखं नाही, घरचं सांगावं तसं. दसऱ्याला नागपूरला जायचं होतं, दीक्षाभूमीवर. वस्तीतल्या सगळ्यांचं ठरलेलं. जाईला पांढरा फ्रॉक शिवला होता. जाईला त्रिशरण तोंडपाठ, तिला पुढे उभं करणार होते. "अन् डोस्क्यात उवा! आता आपून बौद्ध झालो, बाई. लोक म्हनतीन, धर्म बदलला अन् डोस्कं तेच. तुमीच म्हटलं व्हतं मले — ज्या घरी पोट्टीच्या डोक्यात उवा, त्या घरची बाई कायची बाई."

मी म्हटलं, "औषधाचा वास आला नाही तुला?"

"आला ना. तुमच्या पुडीलेबी वास व्हता."

"मुलगी ओरडली नाही?"

"लय ओरडली." तिनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले, हात आपल्या गुडघ्यांवर ठेवले. "मीबी ओरडली व्हती तवा. तुमी मावं डोस्कं टोंगळ्यात धरलं. म्हटलं, ओरडू दे, ओरडल्यानं कोनी मरत नाई. जाई ओरडली त मले तेच आठवलं. म्हून सोडलं नाई."

खोलीत पहारेकरीण होती. ती भिंतीकडे बघत होती.

मी उठले. म्हटलं, "हे बघ, माझ्यामागे आता कोर्टाचे हेलपाटे लागले आहेत. या वयात! बत्तीस गावच्या बाया माझं नाव चांगलं घेतात, आणि तू —"

"तुमाले तरास झाला काय, बाई?"

"झाला. होणारच."

"नाई घेत मंग," मनकर्णा म्हणाली. "नाई घेत तुमचं नाव. तुमी नका येऊ एवढ्या दूर. पाय सुजला तुमचा."

१७ जानेवारी

अकोल्याला परत. पाय शेकला.

मी तिला खोटं बोलायला सांगितलेलं नाही. ती आपणहून म्हणाली.

४ फेब्रुवारी

अष्टग्रही! आठ ग्रह एका राशीत, जग बुडणार म्हणून सगळं अकोला होमहवनात. भागीरथेनं उपास धरला आहे, मला म्हणते, "पेपर बिपर वाचू नका आज, देवाचं नाव घ्या." मी म्हटलं, जग बुडालं तर पेपर उद्या येणार नाही, आजच वाचू दे. हसली नाही.

खरंच बुडालं असतं तर मार्चमधली साक्ष टळली असती, असं मनात येऊन गेलं.

९ मार्च

पंजाबचं कार्ड. मनकर्णा जेलमध्ये बाळंत. मुलगी. दोघी ठीक. सासू बघायला गेली नाही.

२७ मार्च, अमरावती

साक्ष झाली. सरकार पक्षानं मला बोलावलं होतं. कोर्टात बाकावर जागा नव्हती. दर्यापूरकडून दोन बैलगाड्या भरून माणसं आलेली, अर्धी सुंदराबाईकडची, अर्धी देवमनकडची. एकाच घराची माणसं, मध्ये वाट सोडून बसली होती.

माझ्याआधी देवमनची साक्ष. सरकारी वकिलानं तो डबा टेबलावर ठेवला. लाल अक्षरं, खाली कवटी आणि दोन हाडं. "हे चित्र घरात सगळ्यांनी पाहिलं होतं?" देवमन म्हणाला, "पाह्यलं व्हतं. मनकर्णा म्हने, डोस्क्याचं चित्र हाय, म्हंजे डोस्क्याचं औषध असन." कोर्टात लोक हसले. जज्जसाहेबांनी हातोडी आपटली. देवमन हसणाऱ्यांकडे बघत राहिला. तो म्हणाला, "हसू नका ना. मलेबी तसंच वाटलं व्हतं."

मग मी. शपथ घेतली. नाव, वय, हुद्दा. सरकारी वकील अदबीनं बोलत होता, सारखं 'मॅडम, मॅडम'. कवटीचं चित्र असलेल्या डब्यातलं औषध डोक्याला लावा असं आपण कधी सांगाल का? नाही. पांढऱ्या पुडीखेरीज दुसरं काही लावा असं त्या जत्रेत कोणाला सांगितलंत का? नाही. आवाज माझा वॉर्डात असायचा तसाच खणखणीत होता.

पंजाब उलटतपासणीला उठला. मला 'आत्या' नाही, 'बाई' म्हणाला. "बाई, जत्रेत पूड तीन दिवस पुरली का?"

"आठवत नाही."

"संपली असती तर रांगेतल्या बायकांना काय सांगितलं असतंत?"

"असतं-नसतं यावर मी साक्ष देत नाही."

लोकांत पुन्हा हशा. माझ्या बाजूनं. पंजाब खाली बसला. मी पिंजऱ्यातून उतरताना मनकर्णेकडे पाहिलं नाही. तान्हं रडत होतं ते ऐकू आलं.

२८ मार्च

आज जज्जसाहेबांनी आरोपीला प्रश्न विचारले. मला जायची गरज नव्हती. गेले.

"पोलिसांना तू सांगितलंस की जत्रेतल्या नर्सबाईनं तुला हे सांगितलं. खरं?"

मनकर्णेनं मला शोधलं. सापडले. मग जज्जसाहेबांना म्हणाली, "नाई साहेब. बाईचं नाव मी उगीच घेतलं. भेव वाटला म्हून."

पंजाब ताडकन उठला. जज्जसाहेबांनी हातानंच बसवलं.

"मुलगी ओरडत होती. जळतंय, जळतंय म्हणत होती. शेजारणीनं ऐकलं. तरी तू तिचं डोकं गुडघ्यात धरून ठेवलंस. का?"

मी तिथे बसले होते. तिसऱ्या बाकावर. हातात पर्स.

तिनं तान्हं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "आपल्या मनानं, साहेब."

सरकारी वकिलानं खाली मान घालून लिहून घेतलं.

२९ मार्च

काल कोर्टाबाहेर पंजाब मला म्हणाला होता, "कोणीतरी तिला शिकवलंय आत्या. कोण?" मी टांग्याला हाक मारली.

११ एप्रिल

निकाल. पंजाबची तार नाही, तो स्वतः आला. निकालाची टिपणं वाचून दाखवली, थंड आवाजात. मारायचाच हेतू होता हे सिद्ध होत नाही, म्हणून खून नाही. पण उग्र वास, कवटीचं चित्र, आणि मुलगी जळतंय म्हणून ओरडत असता तिला धरून ठेवणं — यावरून मरण येऊ शकेल ही जाणीव आरोपीला होती. आपली समजूत दुसऱ्या कोणी करून दिल्याचं आरोपी स्वतःच नाकारते. सात वर्षं सक्तमजुरी.

सात वर्षं. जाईचं जेवढं आयुष्य, तेवढी.

"धरून ठेवलं म्हणजे जाणीव होती!" पंजाब म्हणाला. "आत्या, एवढं एक कोणी उलगडून सांगितलं असतं ना — तिनं का धरलं —"

भागीरथेनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्यानं हात लावला नाही.

१४ एप्रिल

आज बाबासाहेबांची जयंती. मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. बायका पांढऱ्या लुगड्यांत. पुढे लहान मुली, दोन-दोन ओळींत. सगळ्यांचे केस तेल लावून, चापून, निळ्या फिती. मी खिडकीत उभी राहून त्यांचे भांग बघत होते. इतके स्वच्छ भांग!

खिडकी लावून घेतली. आता लिहिते. आठवलं आहे ते सगळं लिहिते.

तिसऱ्या दिवशी दुपारी पूड संपली. आमचा कंपाउंडर नत्थुजी डबे उपडे करून दाखवत होता. (तो साठ सालीच वारला. त्याला विचारायला कोणी जाणार नव्हतं.) अमरावतीहून गाडी येणार होती, आली नाही. रांगेत शंभर-सव्वाशे बाया, उन्हात, कडेवर पोरं. जा म्हटलं तर जाईनात. उपाशी होते, पाय भरून आले होते, आणि जी ती विचारत होती. बाई, घरी काय लावू? बाई, आमच्या गावात भिंतीवर फवारतेत, ते चालते काय? मी ओरडले. खुर्चीवर उभी राहून ओरडले. "सरकारचं जे औषध गावात येईल ते लावा! भिंतीवरचं, पिकावरचं, किडा मारायचं औषध सगळं एकच! विचारत बसू नका, लावा!"

रांग पांगली. मला हायसं वाटलं.

शेवटच्या चिमूटभर पुडीत एक मुलगी धरली होती. सोळा वर्षांची असेल. लाह्यांची टोपली घेऊन तंबूमागे लपत होती, उवा दिसू नयेत म्हणून. मी तिला दंडाला धरून सगळ्यांपुढे आणली. सगळ्यांपुढे बोलले. डोकं गुडघ्यात दाबलं. ती ओरडली. लाह्या सांडल्या, पोरं वेचायला धावली. मी हसले होते. हिरव्या बांगड्या होत्या तिच्या हातात, एक माझ्या पकडीत पिचली. चोळी पिवळी, पाठीवर ठिगळ लाल.

सात वर्षांची जाई ओरडली ते शेजारणीनं ऐकलं, पण थांबवायला कोणी आलं नाही. ज्या बाईनं धरलं होतं, तिच्या कानात मी बोलत होते.

१५ एप्रिल

पंजाबला पत्र टाकलं. ये म्हणून. कारण लिहिलं नाही.

१८ एप्रिल

सांगितलं. तो उठून ओसरीवर जाऊन आला. मग म्हणाला, अपील करतो, नागपूरला, हायकोर्टात. तुझं प्रतिज्ञापत्र लागेल. कोर्टाच्या सुट्टीनंतर.

भागीरथेनं सगळं ऐकलं असावं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "जेवून घ्या, बाई." जेवले.

१९ जून १९६२, नागपूर

वकिलांच्या खोलीत पंजाब प्रतिज्ञापत्र लिहीत होता. रांग, खुर्ची, गुडघा — सगळं घेतलं. मग म्हणाला, "'हे मला पुढे अमुक तारखेस आठवले.' कोणती तारीख घालू, आत्या? निकालानंतरची घालतो."

मी म्हटलं, "तारीख घालू नकोस. विसरले कधीच नव्हते, असं लिही."

पेन थांबलं. "मग ती विस्मृती राहत नाही. शपथेवर जाणूनबुजून खोटी साक्ष होते. तुझ्यावर खटला होईल. हेतूसकट."

"हो," मी म्हटलं. "लिही."